पिल्लांना ढाबळीत पळायला जागा ठेवा

सकाळी ढाबळीचं दार उघडावं आणि कोपऱ्यात एखादं पिल्लू भिंतीला डोकं लावून बसलेलं दिसावं. मानेवरची पिसं गेलेली, टाळूचं कातडं सोललेलं, रक्त सुकून काळं झालेलं. कबुतरं पाळणाऱ्या घरांना हे नवं नाही.

अशा वेळी सगळा राग चोच मारणाऱ्या नरावर निघतो. कुणी त्याला दोन फटके देतं, कुणी दुसऱ्याच दिवशी विकून टाकतं. तुम्ही तसं करू नका. एक नर घालवलात तर काही दिवसांत दुसरा त्याच कोपऱ्यात तेच करू लागेल. मार खाताना त्या पिल्लाला पळायला जागा नव्हती. दुखणं तिथे आहे.

कोनराड लॉरेन्झ या ऑस्ट्रियाच्या प्राणिशास्त्रज्ञाने हे फार पूर्वी लिहून ठेवलंय. प्राण्यांच्या वागणुकीच्या अभ्यासासाठी १९७३ साली नोबेल मिळालं, तेच हे गृहस्थ. त्यांनी दोन वेगळ्या जातींचे होले एका पिंजऱ्यात ठेवले आणि ते बाहेरगावी गेले. परत येऊन बघतात तर एक होला खाली पडलेला, मान आणि पाठ सोललेली. दुसरा त्याच्यावर उभा राहून अजून चोच मारतच होता. लॉरेन्झ यांनी याचा अर्थ साधा लावला. मोकळ्या रानात हरलेला होला एका झेपेत उडून जातो. त्यामुळे जिंकणाऱ्याला थांबायची सवय कधी लागलेलीच नसते. पिंजऱ्यात उडून जायची सोय नाही, म्हणून मार थांबत नाही. ज्या पक्ष्याला आपण शांततेचं चिन्ह म्हणून मिरवतो, त्याची ही गोष्ट आहे.

आता आपल्या मुंबईतल्या ढाबळी बघा. घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर, अंधेरी-जोगेश्वरीत चाळीच्या पत्र्यावर, मुलुंड आणि बोरिवलीत गच्चीच्या कोपऱ्यात. चार फूट बाय सहा फूट, वर पत्रा, पुढे जाळी. आत वीस-पंचवीस कबुतरं. माणसांनाच जागा पुरत नाही, तिथे पाखरांसाठी मोठी ढाबळ कुठून आणणार, हे मलाही कळतं. म्हणून जागा वाढवा असं मी सांगणार नाही. आहे त्या जागेत काय करता येईल, तेवढंच सांगतो.

आधी पिल्लाला मारतं कोण, ते ओळखा. त्यावर उपाय ठरतो.

बहुतेक वेळा मारणारं कबूतर शेजारच्या खणातलं असतं. दोन-तीन आठवड्यांचं पिल्लू घरट्यातून उतरतं, खाली फिरतं आणि चुकून दुसऱ्याच्या खणात शिरतं. तिथली जोडी त्याला घुसखोर समजते. नर मारतो, मादीही मारते. पिल्लू मान खाली घालून कोपऱ्यात दबतं. त्यामुळे घाव नेमके टाळूवर आणि मानेवर बसतात.

कधी मारणारा खुद्द बापच असतो. पिल्लं साधारण दोन-तीन आठवड्यांची झाली की मादी पुन्हा अंड्यावर येते. नर तिच्यामागे लागतो, तिला घरट्याकडे हाकतो. पिल्लं अजून त्याच घरट्यात असतात आणि खायला मागत मध्ये मध्ये येतात. मग तो त्यांनाही टोचतो.

जोडी नसलेले नर तर सगळ्यांत वाईट. त्यांना खण नाही, मादी नाही. दिवसभर घुमत फिरायचं आणि प्रत्येक घरट्यात डोकं घालायचं, एवढंच काम.

आणि नुकतं सुटं झालेलं पिल्लू आपणहून मार ओढवून घेतं. आईबापांनी भरवणं थांबवलं की ते चीं-चीं करत, पंख हलवत दिसेल त्या मोठ्या कबुतराच्या मागे धावतं. त्याला भूक असते. समोरच्याला मात्र त्रास वाटतो.

एक गोष्ट आधी तपासून घ्या. जखम पायाला असेल, पोटाकडून खाल्लेलं असेल किंवा पिल्लू रात्रीतून गायब झालं असेल, तर कबुतरांना दोष देऊ नका. ते उंदीर, घूस किंवा बोक्याचं काम आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या मुलुंड-बोरिवलीकरांनी उदमांजर आणि साप यांचीही आठवण ठेवावी. तिथे उपाय एकच, बारीक आणि मजबूत जाळी.

आता करायच्या गोष्टी.

आज रात्री कबुतरं आत बसली की बॅटरी घेऊन मोजणी करा. जोड्या किती, खण किती, एकटे नर किती, हे कागदावर लिहा. खण जोड्यांपेक्षा जास्तच हवेत. सहा जोड्यांना सहा खण दिलेत तर भांडणं होणारच. आठ द्या. तेवढे बसत नसतील तर चारच जोड्या ठेवा. हा सल्ला कुणाला आवडत नाही. प्रत्येक जोडी हौसेने आणलेली असते. पण संध्याकाळच्या बोरिवली लोकलमध्ये चौथ्या सीटवरून भली माणसंही हमरीतुमरीवर येतात, मग मुक्या जिवाकडून काय अपेक्षा धरायची?

एकटे नर वेगळे करा. पिंजरा असेल तर त्यात ठेवा, नाहीतर ओळखीच्या माणसाला देऊन टाका. एवढं केलंत तरी निम्मी कटकट संपते.

मग खणाकडे वळा. खण रुंद हवा. अडीच फूट रुंद, दीड फूट खोल, सव्वा फूट उंच असला की चांगला. भाजीचे दोन प्लॅस्टिक क्रेट आडवे ठेवून मधली बाजू कापली तरी खण तयार होतो. कापलेली धार घासून घ्या. पुढच्या बाजूला चार बोटं उंचीची पट्टी लावा, म्हणजे लहान पिल्लू घसरून खाली पडत नाही. पुढचं अर्धं तोंड फळीने झाका. आतल्या जोडीला आडोसा मिळतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या नराची नजर पिल्लांवर पडत नाही.

एका खणात दोन घरटी ठेवा, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. मडक्याची बुडं चालतील, मातीच्या पसरट कुंड्याही चालतील. पहिल्या घरट्यात पिल्लं वाढत असताना मादी दुसऱ्यात अंडी घालते. नर तिला तिकडे हाकतो आणि पिल्लं इकडे सुरक्षित राहतात. बापाच्या माराला यापेक्षा स्वस्त औषध नाही.

इथे बरेच जण घाईने बापालाच काढून टाकतात. तसं करू नका. मादी नव्या अंड्यांच्या तयारीला लागली की आधीच्या पिल्लांना भरवायचं काम बरंचसं बापावर येतं. त्याला बाहेर काढलंत तर मार वाचेल, पण पिल्लं उपाशी राहतील. त्याला फक्त दुसरं घरटं द्या.

आता जमिनीकडे बघा. मार तिथेच होतो आणि आपण तिकडेच दुर्लक्ष करतो. भिंतीलगत दोन विटांवर एक फळी ठेवा. उंची पाच-सहा इंच असू द्या. खाली शिरलेल्या पिल्लावर वरून चोच मारता येत नाही. पण लक्षात ठेवा, फळीच्या दोन्ही बाजू उघड्या हव्यात. एकच तोंड ठेवलंत तर तुम्ही पिल्लासाठी सापळा लावलात. लहान ढाबळीत असा एक आडोसा पुरतो, मोठीत दोन-तीन ठेवा.

खाली उतरलेलं पिल्लू कोणत्या खणातलं आहे, हे ओळखता यायला हवं. बंद वळं घालायचं असेल तर पिल्लू साधारण सात-आठ दिवसांचं असताना घाला. नंतर पाय मोठा होतो आणि वळं जात नाही. बंद वळी नसतील तर उघडमीट होणारं प्लॅस्टिकचं रंगीत वळं चालेल. दोरा मात्र बांधू नका. पाय वाढतो, दोरा वाढत नाही, आणि मग पायच जातो. संध्याकाळी अंधार पडायच्या आत खाली बसलेलं प्रत्येक पिल्लू उचलून त्याच्या त्याच्या खणात ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. घरातली मुलं हौसेने करतील.

पिल्लू २८ ते ३० दिवसांचं झालं की त्याला मोठ्यांतून काढा. तारीख लिहून ठेवली नसेल तर पंख उचलून बघा. पंखाखालची कातडी पिसांनी झाकली गेली असेल आणि ते स्वतः दाणे टिपत असेल, तर वेळ झाली. त्याच्या वयाच्या पिल्लांबरोबर ठेवा. ढाबळीचाच एक कोपरा जाळी मारून वेगळा केला तरी चालतं. पलीकडे मोठी कबुतरं दिसत राहतात, सवय होते आणि चोच मात्र पोहोचत नाही.

नव्या जागेत पहिल्याच दिवशी पिल्लाला पाणी दाखवा. चोच हलकेच पाण्यात बुडवा. नाकपुड्या बुडता कामा नयेत. एकदा प्यायलं की ते शिकलं. दाणे टिपतं पण पाणी पित नाही, असं पिल्लू दोन दिवसांत मलूल होतं आणि मग मोठं दुखणं समजून आपण घाबरतो. त्यांचा दाणा बारीक ठेवा. बाजरी, ज्वारी, मसूर, थोडा गहू. मका नंतर द्या.

इथे महिना-दीड महिना तरी राहू द्या. चार-पाच महिन्यांचे झाले की त्यांतलेच काही नर घुमू लागतात. त्यांना तिथून हलवा, नाहीतर मागून आलेल्या लहानांना तेच मारतील.

दाण्यावरूनही मारामारी होते. गोल थाळीत दाणा ठेवलात तर दोन दांडगे नर ती अडवून बसतात. लांब पन्हळ ठेवा. पीव्हीसी पाइप उभा चिरलात तर दोन पन्हळी होतात. प्रत्येक पाखराला तीन-चार बोटं जागा मिळायला हवी. मोठ्या कबुतराला दिवसाला साधारण ३० ते ३५ ग्रॅम दाणा लागतो. पिल्लं भरवणाऱ्या जोडीला त्याहून पुष्कळ जास्त लागतो. तिला मोजूनमापून देऊ नका.

उडवायची कबुतरं लवकर खाली यावीत म्हणून त्यांना अर्धपोटी ठेवायची पद्धत आहे. तुम्ही उडवत असाल तर तो तुमचा शौक. पण अशी भुकेली कबुतरं पिल्लं असलेल्या जोड्यांबरोबर एका ढाबळीत ठेवू नका. भुकेला पक्षी पन्हळीत आधी पिल्लालाच ढकलतो.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे वर्षभर अंडी उबवू देणं. मुंबईत थंडी अशी नाही, दाणा रोज मिळतो, म्हणून जोड्या थांबत नाहीत. एका ढाबळीत मग पाच दिवसांचं, पंधरा दिवसांचं, महिन्याचं आणि तीन महिन्यांचं पिल्लू एकाच वेळी असतं. मोठं लहानाला चिरडतं. त्यापेक्षा सगळ्या जोड्या एकाच दिवशी लावा, म्हणजे पिल्लं एका वयाची होतील.

दिवस कोणता निवडाल? नोव्हेंबरच्या मध्याला लावा. आठ-दहा दिवसांनी अंडी येतात. मादी दोन अंडी घालते आणि साधारण १८ दिवसांत ती फुटतात. म्हणजे डिसेंबरच्या मध्याला पिल्लं. जानेवारीच्या मध्याला ती सुटी होतात. तोवर १४ जानेवारीची संक्रांत होऊन जाते. आकाशातला मांजा कमी झाला, तारांवर आणि झाडांवर अडकलेलाही बराच गेला, की फेब्रुवारीत पिल्लं बाहेर काढा. तुमच्याकडे घार आणि शिकरा फार फिरत असतील तर आणखी थोडं थांबा.

जून ते सप्टेंबर नर आणि मादी वेगवेगळे ठेवा. पावसात ढाबळ ओली राहते, डास वाढतात, डासांमुळे कबुतरांना देवी येतात. याच सुमाराला जुनी पिसंही गळतात. अंगात ताकद कमी असते. अशा दिवसांत पिल्लं वाढवणं म्हणजे आईबापांचेही हाल.

नर-मादी वेगळे करायला जागा नसेल तर अंडी बदला. बाजारात प्लॅस्टिकची अंडी मिळतात. नसतील तर खरी अंडी उकळून, पूर्ण थंड करून परत ठेवा. अंडी नुसती काढून घेऊ नका. घरटं रिकामं दिसलं की मादी पुन्हा अंडी घालते आणि तिच्या अंगातली ताकद जाते. खोट्या अंड्यांवर जोडी १८-२० दिवस शांत बसते. कवच घट्ट व्हावं म्हणून शिंपल्यांचा चुरा कायम समोर ठेवा.

एवढं करूनही एखादा नर मारतच राहिला तर? त्याला रात्री पकडा, तेव्हा पळापळ होत नाही. पाच-सहा दिवस दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवा. परत आल्यावर त्याचा जुना रुबाब उरलेला नसतो. त्याला आधीच्या खणापासून लांबचा खण द्या. तो जोडीतला असेल आणि त्याची स्वतःची पिल्लं लहान असतील, तर मात्र आधी पिल्लांचं भरवणं कसं होणार, ते ठरवा. पुन्हा तेच केलं तर त्याला पिल्लं नसलेल्या ढाबळीत पाठवा. मारून काही शिकत नाही. फक्त तुम्हाला घाबरायला लागतो.

पिल्लू जखमी झालंच असेल तर लगेच वेगळं करा. खोक्यात जुना सुती कपडा घाला, हवेची भोकं ठेवा. पाणी उकळून कोमट करा, चिमूटभर मीठ घाला आणि कापसाने जखम हलक्या हाताने पुसा. वर पोव्हिडोन आयोडीन लावा. तंबाखू, चुना, घासलेट, गरम तेल यांतलं काही लावू नका. हळद लावून मोकळे होतात, पण चिखलासारखा थर बसला की खाली पू धरतो आणि दिसत नाही. जखमेवर माशी बसू देऊ नका. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात एका दिवसात अळ्या पडतात. दिवसातून दोनदा नीट बघा. आपल्या औषधाच्या डब्यातली अँटिबायोटिकची गोळी फोडून पाजू नका.

सोललेली टाळू वाईट दिसते, पण हाड उघडं पडलेलं नसेल तर बहुतेक पिल्लं वाचतात. कातडी येते, बऱ्याचदा पिसंही येतात. डोळ्याला लागलं असेल, कवटी दिसत असेल किंवा पिल्लू मान वाकडी करत असेल, तर डॉक्टरकडे न्या. जवळ पक्ष्यांचं बघणारं कुणी नसेल तर परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल आहे. जुन्या लोकांना बैलघोडा हॉस्पिटल म्हटलं की लगेच कळतं.

आता थोडं शेजाऱ्यांबद्दल. ऑगस्ट २०२५ मध्ये पालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला. काही दिवसांतच आंदोलकांनी ती ओढून काढली, प्रकरण उच्च न्यायालयात गाजलं. पुढे सकाळी ७ ते ९ या वेळेत दाणे टाकायला ज्या मोजक्या जागा दिल्या गेल्या, त्यांत अंधेरीचा लोखंडवाला बॅक रोड, ऐरोली-मुलुंड नाका आणि बोरिवलीचं गोराई मैदान होतं. तेव्हापासून कबूतर म्हटलं की लोक आधी फुप्फुसाचं बोलतात. त्यांचं चूक नाही. विष्ठेची आणि पिसांची धूळ रोज छातीत गेली तर काहींना फुप्फुसाचा कायमचा विकार होतो.

तुमच्या ढाबळीत पाळलेली कबुतरं आहेत, रस्त्यावरची नाहीत, हे शेजारणीला सांगून उपयोग नाही. तिच्या खिडकीत पीस आलं की झालं. म्हणून विष्ठा कोरडी खरवडू नका. आधी पाणी शिंपडा, तोंडाला मास्क लावा, मग खरवडा. दमेकरी, म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं त्या वेळी जवळ नकोत. दाणा गच्चीवर उघडा टाकू नका. बाहेरची कबुतरं त्यावर येतात, खणात शिरतात, रोग आणतात आणि घरट्यासाठी तुमच्या जोड्यांशी भांडतात. त्या भांडणातही खाली पिल्लूच सापडतं.

ढाबळीत पाखरं कमी असली की घाण कमी, वास कमी, भांडणं कमी. शेजाऱ्याची तक्रार आणि पिल्लाची जखम, दोन्ही गर्दीतूनच येतात.

हे सगळं एका दिवसात होणार नाही. या रविवारी दोनच कामं करा. विटांवर फळी ठेवा आणि प्रत्येक खणात दुसरं घरटं ठेवा. खर्च जवळजवळ नाही. पुढच्या रविवारी एकटे नर हलवा. पिल्लांचा कोपरा जाळी मारून वेगळा करणं त्यानंतर. आणि आजच्या मोजणीत जोड्या खणांपेक्षा जास्त निघाल्या, तर आता आलेली अंडी उबवू देऊ नका. आजच बदला.